आधी पाण्याला विचार

मी सगळ्यांत जास्त कुणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं, तर मी कोलशेतच्या ताईंचं नाव घेतो. आई-बाबांचं नाव आलं नाही म्हणून विचारणारा जरा चमकतो. आई-बाबांनी मला वाढवलं, स्वतःच्या गरजा मागे ठेवून शिकायला पाठवलं, ते वेगळं. त्याला ऋण म्हणणं मला बरोबर वाटत नाही. ताई माझ्या कुणीच नव्हत्या. लॅबमध्ये माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, एवढाच संबंध. त्या नसत्या तर मी आज बाबांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत बसलो असतो. त्या कामात कमीपणा नाही. पण मला ते नको होतं, आणि नको आहे हे बाबांना सांगायला माझ्याकडे एकच साधन होतं, पास होणं.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. शाळेत प्रयोगशाळा होती आणि तिला कुलूपही होतं. विज्ञानाचे सर प्रयोग फळ्यावर करायचे. खडूने परीक्षानळी काढायची, तिच्यात आडव्या रेघांनी पाणी भरायचं, आणि तळाशी खडू आडवा घासायचा. "हा पांढरा अवक्षेप." पिवळा अवक्षेप असला की शेजारच्या वर्गातून पिवळा खडू मागवायचे. दहावीला मी ती समीकरणं पाठ लिहायचो. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइड यांची द्रावणं एकत्र केली की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पांढरं होऊन खाली बसतं. बोर्डात मला विज्ञानात चांगले गुण होते. अवक्षेप मात्र मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

बारावीनंतर ठाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. राहायला आत्याकडे, कोपरला. वन रूम किचन, त्यात आत्या, तिचे मिस्टर, आणि बाहेरच्या खोलीत कपाटाच्या बाजूला माझी पथारी. बाबांची अट साधी होती. "पास होत गेलास तर शीक. अडकलास तर सामान घेऊन ये. दुकानात हात पाहिजेच आहे." ते रागाने बोलले नव्हते. आमच्या घरात पदवीपर्यंत कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे नापास झालेल्या मुलाला अजून एक संधी देतात की घरी आणतात, याचा अंदाज त्यांनाही नव्हता.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी लॅबमध्ये गेलो तर टेबलापाशी चाळिशीतल्या एक बाई उभ्या होत्या. साडी, त्यावर पांढरा कोट, हातात हिरव्या बांगड्या. मी ताठ उभा राहून म्हणालो, "गुड मॉर्निंग मॅडम."

मागे पोरं हसली. त्याही हसल्या.

"गुड मॉर्निंग बाला. मी पन तुझ्यासारखीच नवीन हाय. तुझा रोल नंबर माझ्या पुढचा ना? मग आपन पार्टनर."

त्यांचं घर कोलशेतचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. सासरच्या लोकांची पूर्वी भातशेती आणि खाडीला लागून मिठागर होतं. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातले काही फ्लॅट त्यांचे. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. थोरला मुलगा आठवीला गेल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं की पोरगा कॉलेजात जायच्या आत मी जाऊन येते. वर्गातली मुलं त्यांना आंटी म्हणायची. मी ताई म्हणायला लागलो आणि मग सगळेच ताई म्हणू लागले.

आम्ही कामं वाटून घेतली होती, किंवा ती आपोआप वाटली गेली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून जर्नल मी लिहायचो. ताईंचा हात चपळ, म्हणून नळ्या त्या हाताळायच्या. मी बघायचो. पहिल्यांदा त्यांनी लेड नायट्रेटच्या नळीत पोटॅशिअम आयोडाइड टाकलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी नितळ होती. थेंब पडला आणि आत हळदीचा लोट उठला. दोन नितळ द्रावणं मिसळली की कधी कधी त्यांतल्या दोन कणांची अशी जोडी जमते की ती पाण्यात राहूच शकत नाही, ती रंग घेऊन खाली बसते. एवढंच त्यातलं शास्त्र. मला ते माहीत होतं. तरी मी बराच वेळ नळी उजेडाकडे धरून बघत राहिलो.

"लिही रं आता," ताई म्हणाल्या. "हलद पयल्यांदा बघतंस काय?"

सेमिस्टरच्या परीक्षेत पार्टनर नसतो. दोन अनोळखी सॉल्ट दिली होती, त्यांत काय आहे ते चाचण्या करून ओळखायचं. मी शिस्तीत सगळं केलं. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरं आलं. दोन्हींत क्लोराइड, असं सुवाच्य अक्षरात लिहून आलो. निकालात केटी लागली, म्हणजे तो विषय पुढच्या सेमिस्टरला पुन्हा द्यायचा. लॅबमध्ये सर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "दोन्ही क्लोराइड? अरे, एकातही नव्हतं."

आत्याने बाबांना फोनवर सांभाळून सांगितलं. बाबा म्हणाले, "एक डाव अजून बघू." आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्या बापाने एक डाव दिला हेच खूप समज. आता दुसरं काही वाचू नकोस, तेच वाच."

मी वाचतच होतो. पण वाचण्यात चूक नव्हती, हेच मला छळत होतं. मी पायरी सोडली नव्हती, गडबडलो नव्हतो, समोर पांढरं दिसलं ते पांढरं लिहिलं. मग चुकलं कुठे? हळूहळू मला वाटायला लागलं की हा विषय फळ्यावरच माझा आहे, हातात आला की माझा राहत नाही. आमच्या घरच्यांच्या हातांना हे जमायचंच नसेल. हे मी कुणाला बोललो नाही, पण पथारीवर पडलो की हेच डोक्यात यायचं.

दुसऱ्या सेमिस्टरला ताई म्हणाल्या, "आजपासून नळ्या तू धर. मी लिहिते. जर्नल दिसंल कसं ते दिसंल."

मी काम सुरू केलं. वापरलेली नळी बेसिनवर नेली, नळाखाली चांगली धुतली, झटकली, मग वॉश बॉटलमधल्या डिस्टिल्ड वॉटरचे मोजके थेंब आत फिरवले आणि नळी पुढच्या चाचणीला घेतली.

"थांब," ताई म्हणाल्या. "ह्ये काय केलंस?"

"विसळली."

"ही विसळली? ती बाटली काय तुझ्या आत्याच्या रुखवतातली हाय, एवढी जपून वापरायला?"

मी म्हणालो, "ताई, एवढं शुद्ध केलेलं पाणी नुसतं विसळायला कसं ओतायचं?"

मी ते अगदी मनापासून म्हणालो होतो. आमच्या गावात नळाला पाणी आठवड्याने यायचं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. प्यायचं पाणी वेगळ्या हंड्यात, त्याला खरकटा हात लावायचा नाही. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी तुळशीला आणि शेवग्याला. चांगल्या पाण्याने भांडं विसळलं म्हणून मी लहानपणी आईच्या हातची चापट खाल्ली आहे. लॅबमधल्या त्या बाटलीकडे मी त्याच नजरेने बघत होतो. तिच्यातलं पाणी उकळून, वाफ करून, पुन्हा थंड करून बनवलेलं. प्यायच्या पाण्याहूनही वरचं. ते बेसिनमध्ये सोडून द्यायचं, हे माझ्या हाताला मान्यच नव्हतं.

ताई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरी नळी घेतली, तिच्यात नळाचं पाणी धरलं, फक्त पाणी, दुसरं काही नाही. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले.

नळी दुधाळ झाली.

"ह्यो बघ तुझा क्लोराइड," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या नलाला बोअरचं पानी हाय. खाडी इथं जवल. मीठ येनारच. तू दर नलीत थोडं थोडं ठेवत होतास आनि मग सॉल्टवर आळ घेत होतास. तुला सगलीकडं मीठच दिसतं रं. आमच्याच घरात जन्माला यायचास तू."

मी त्या नळीकडे बघत बेसिनला टेकलो. किती सोपं होतं ते. माझ्या डोक्यात बिघाड नव्हता, हातात नव्हता, घराण्यात तर नव्हताच. आईने शिकवलेली एक चांगली सवय चुकीच्या जागी आली होती, बस. त्या दिवशी मला जितकं हलकं वाटलं तितकं पुढे निकालाच्या दिवशीही वाटलं नाही.

"मीच तुला नली धरू दिली नाय," ताई म्हणाल्या. "नायतर पयल्याच महिन्यात कललं असतं." मग आवाज बदलून म्हणाल्या, "आता ऐक. कुठलीबी चाचनी करायच्या आधी नुसत्या पान्याची एक नली लावायची. आधी पान्याला इचार, मग सॉल्टला."

आम्हाला थिअरी शिकवणाऱ्या मॅडमनी हीच गोष्ट वर्गात सांगितली होती, इंग्रजीतून, ब्लँक टेस्ट म्हणून. मी ती लिहूनही घेतली होती. पण ती मला कळली ताईंच्या स्वयंपाकघरात.

त्या शनिवारी त्या मला स्कूटीवर मागे बसवून कोलशेतला जेवायला घेऊन गेल्या. माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो असताना म्हणाल्या, "घट्ट धर, आनि सासूबाईंनी कितीदा वाढलं तरी नको म्हनू नको." पाचव्या मजल्यावरचं प्रशस्त घर, चकचकीत ओटा. सासूबाई काष्टीच्या लुगड्यात ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी भातासाठी पातेल्यात पाणी घेतलं, त्यातलं घोटभर वाटीत काढून तोंडात घोळवलं, मान हलवली आणि मगच मिठाच्या बरणीत हात घातला.

मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "काय बघतंस पोरा?"

ताईंनीच सांगितलं. पूर्वी पाणी विहिरीचं होतं. खाडी जवळ असल्यामुळे कधी गोड, कधी मचूळ. उधाणाच्या भरतीनंतर तर काही भरवसा नाही. न चाखता नेहमीचं मीठ घातलं की भात खारट. म्हणून या भागातल्या सुना आधी पाणी चाखायला शिकायच्या.

"पण आता नळाचं आहे ना?" मी विचारलं.

"आता गोडच असतं," सासूबाई म्हणाल्या. "तरी इचारावं. पान्याला काय, ते बोलून थोडीच येतं?"

मी भरपूर जेवलो. नको म्हणालो नाही.

केटीच्या परीक्षेच्या दिवशी आत्याने दही-साखर हातावर ठेवली आणि म्हणाली, "बॅग भरून ठेवलेली मला दिसली. ती आज संध्याकाळी रिकामी कर, म्हणजे झालं." मी खरंच भरून ठेवली होती. नापास झालो तर पुन्हा भरायला बसायचं बळ राहील की नाही, याची खात्री नव्हती.

परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे होते. उंच, चष्मा कपाळावर. एकच सॉल्ट आलं होतं, पांढरे खडे. मी नळी डिस्टिल्ड वॉटरने विसळली, हात न आखडता, पुन्हा पुन्हा. कोरडं सॉल्ट तापवून बघण्याची पहिली चाचणी घाईत झाली, धूर निघाला की नाही ते नीट कळलं नाही. पुढे गेलो. खडे थंड पाण्यात लगेच विरघळले, द्रावण जरासं धुरकट राहिलं. पोटॅशिअम आयोडाइडचा थेंब टाकताच हळद उठली. लेड. इथपर्यंत मी खुशीत होतो. मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं.

पांढरं.

म्हणजे लेड क्लोराइड. मी पेन उचललं आणि ते हातातच राहिलं. लेड क्लोराइड थंड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला गरम पाणी लागतं, गार झालं की ते पुन्हा खाली बसतं. आणि माझे खडे तर पाणी लागताच दिसेनासे झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. पुन्हा तेच. पुन्हा क्लोराइड.

मग मला पातेल्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई आठवल्या. इतकं निगुतीने विसळताना मी बाटलीतल्या पाण्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता, आणि विचारायचंच विसरलो होतो. एक नवी नळी घेतली. बाटलीतलंच डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब.

दूध.

मी दोन्ही नळ्या घेऊन परीक्षकांच्या टेबलाशी गेलो. मागच्या खेपेला दोन्ही क्लोराइड लिहिणारा मुलगा मीच होतो, आणि आता मी म्हणणार होतो की पाणीच खोटं आहे.

"सर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्लोराइड आहे."

"काय?"

"पाण्यात, सर. ब्लँक लावली. ही बघा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "उत्तर येत नाही की पाण्याचा दोष. दरवर्षी एक तरी सापडतो असा."

आजूबाजूला कुणीतरी खुसखुसलं. आमच्या कॉलेजचे सर उठून आले. "मागच्या वेळी यानेच दोन्ही..."

"हो सर, मीच," मी म्हणालो. "त्या वेळी मी ब्लँक लावली नव्हती."

परीक्षक उठले. त्यांनी स्वतः धुतलेली नळी घेतली, सगळ्यांच्या वॉश बॉटल जिथून भरतात त्या कोपऱ्यातल्या मोठ्या कॅनमधून पाणी भरलं, सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि नळी आमच्या सरांच्या काळ्या फाइलसमोर धरली. तेच दूध.

"कॅन कुणी भरला?"

कुणी भरला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद होतं, बाहेरून आणलेलं कमी पडलं, आणि कुणीतरी कॅन नळाखाली धरून वरपर्यंत भरला होता. बहुधा घाईत. वरच्या मजल्यावरून सीलबंद बाटल्या आल्या. परीक्षकांनी टाळी वाजवून सगळ्यांना सांगितलं की सिल्व्हर नायट्रेटची चाचणी पुन्हा करा, वेळ वाढवून देतो. दोन-चार जण "वाचलो रे" असं मोठ्याने म्हणाले.

मी नवी बाटली उघडली. आधी पाण्याची नळी. दोन थेंब टाकले, काही झालं नाही. मग ताजं द्रावण केलं, या वेळी ते आरशासारखं नितळ झालं. दोन थेंब टाकले. काही झालं नाही. मी नळी उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. काहीच झालं नाही. त्या नितळ, स्वच्छ नळीइतकं सुंदर काही मी त्या लॅबमध्ये पाहिलेलं नाही, हळदीच्या लोटासकट. नायट्रेट कुणाशीही जोडी जमवून खाली बसत नाही. ते असलं की नळी गप्प राहते. कोरडे खडे पुन्हा तापवले, या वेळी नीट थांबून. ते तडतडले आणि तांबूस धूर वर आला, ती नायट्रेटची खूण. उत्तर लिहिलं, लेड नायट्रेट.

परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारला. "क्लोराइड नाही, अशी शंका मुळात आली कशावरून?"

"थंड पाण्यात विरघळलं, सर."

त्यांनी सही केली. "जा," म्हणाले, आणि मी दारापर्यंत पोचल्यावर मागून, "पाणी तपासायला कुणी शिकवलं?"

"पार्टनरने," मी म्हणालो.

निकाल लागल्यावर बाबांना फोन केला.

"पास झालो."

"बरं." पलीकडे पंपाचा आवाज येत होता, कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरणं चालू होतं. "मग सामान?"

"इथेच राहू दे."

"मग तुझ्या कॉटवर टायरी ठेवतो मी. जागा अडते नुसती." आणि फोन ठेवायच्या आधी, "तुझ्या आईला फोन देऊ का? ती इथंच उभी आहे कधीची."

पदवी हातात आली त्याच महिन्यात मला ठाण्यातल्या एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. ताईंना मेसेज करायला गेलो आणि थांबलो. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात बिलं आनि बिल्डरच्या नोटिसा सोडून पोस्टाने काय येत नाय. पास झालास की मला एक पत्र टाक." म्हणून कोपरच्या पोस्टातून हे टाकलं.

"ताईंना सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्र मागितलं होतं, ते पाठवतो आहे. बिल्डरची नोटीस समजून फाडू नका.

गेल्या सोमवारपासून कामाला जातो आहे. लोक पाण्याचे नमुने घेऊन येतात, विहिरीचे, टाकीचे, बोअरचे, आणि आम्ही ते तपासतो. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडमनी विचारलं, सुरुवात कशाने करणार? मी म्हणालो, आमच्याच पाण्याने. त्या बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, बरं झालं, हे शिकवायला मला नेहमी आठवडा जातो.

डिस्टिल्ड वॉटर मी आता सढळ हाताने वापरतो. घरी गेलो की अजून जमत नाही. गेल्या दिवाळीत आईसमोर चांगल्या पाण्याने पेला विसळला तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उरलेलं पाणी शेवग्याला नेऊन घातलं.

तुम्ही मला पास केलंत असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्ही म्हणाल, नळी तूच धरली होतीस. खरं आहे. पण केटी लागली त्या दिवसापासून मी स्वतःला ज्या नजरेने बघत होतो, ती तुम्ही दोन थेंबांत बदललीत. नापास झालो असतो तर घरी गेलो असतो, त्याचं मला इतकं वाटलं नसतं. पण का नापास झालो ते न कळता गेलो असतो, आणि जन्मभर वाटत राहिलं असतं की आपल्याला जमायचंच नव्हतं. हे तुम्हाला तोंडावर सांगता आलं नसतं. स्कूटीवर मागे बसून तर नाहीच.

सासूबाईंना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, पाण्याला विचारण्याचाच मला पगार मिळतो आता.

आणि तुमची मॅथ्सची केटी अजून राहिली आहे, हे मी विसरलेलो नाही. पोरगा पुढे जाईल आणि तुम्ही मागे राहाल. या रविवारी सकाळी येतो. पुस्तक काढून ठेवा आणि बहाणे नकोत. या वेळी गणितं तुम्ही सोडवायची, मी नुसता बाजूला बसून बघणार.

तुमचा पार्टनर."